मंडळाचं साल कोणतं छापायचं, १९४६ की १९६४?

प्रश्न थोडक्यात असा. फोंडा तालुक्यातल्या एका गावच्या महिला मंडळाला स्मरणिका काढायची आहे. नोंदणीचा कागद १९६४ चा आहे. गावातल्या वडीलधाऱ्या बायका मात्र छातीठोकपणे सांगतात, की मंडळ १९४६ चंच, लोहियांच्या सभेनंतर उभं राहिलेलं, आणि पहिल्या अध्यक्षीणबाईंनी, म्हणजे आजींनी, मडगावात पोलिसांचा मार खाल्लेला. कागद नाही. शिवाय १९६७ च्या जनमत कौलाच्या वेळी मंडळ फुटलं होतं, ते लिहावं की गाळावं यावरून आजच्या कार्यकारिणीत दोन तट पडलेत. ताई विचारतात: साल कोणतं छापू, आजींबद्दल काय लिहू, आणि त्या भांडणाचं काय करू?

ताई, आधी सालाचं सांगून टाकते. मुखपृष्ठावर १९६४ छापा. १९४६ ला आत वेगळं प्रकरण द्या, आणि ते स्मरणिकेतलं सगळ्यांत चांगलं प्रकरण होऊ शकेल. पण दोन्ही सालं एका रेघेत जोडू नका. गावोगावच्या संस्थांच्या जुन्या वह्या चाळणं हे माझं काम. जवळपास प्रत्येक मंडळाला आपलं साल मागे सरकवावंसं वाटतं, हे त्या कामात पुन्हापुन्हा दिसतं. हौसेत वाईट काही नाही, पण त्यापायी खरी गोष्ट हातची जाते.

१९४६ मध्ये गोव्यातल्या खेड्यात 'महिला मंडळ' या नावाची, ठराव लिहिणारी, वर्गणी घेणारी संस्था असणं अशक्य नव्हतं. देशकार्यासाठी ती उघडपणे असणं मात्र जवळजवळ अशक्य. १९३० च्या वसाहत कायद्यानंतर पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीनं गोव्यात श्वास घ्यायला फारशी जागा ठेवली नव्हती. सभेला परवानगी लागे. छापायचा मजकूर आधी सेन्सॉरकडे जाई, त्यातून लग्नपत्रिकासुद्धा सुटत नसत. संस्था काढायची तर नियमावली सरकारदरबारी मंजूर करून घ्यायची, आणि मंजुरी मिळाली की ती 'बोलेतीं ओफिसियाल' या राजपत्रात छापून यायची. त्या राजपत्राचे जुने खंड पणजीत पाहायला मिळतात. तुमच्या गावाचं नाव तिथे शोधाच, न शोधता 'नाही' म्हणू नये. सापडेल ते बहुधा एखाद्या देवस्थानाचं, भजनी मंडळाचं नाहीतर वाचनालयाचं. 'पोर्तुगीजांविरुद्ध लोकजागृती' असा उद्देश लिहिलेली नियमावली कुठला आदमिनिस्त्रादोर, म्हणजे तालुक्याचा प्रशासक, पुढे सरकवणार होता?

म्हणून या गोष्टी बायकांनी केल्या त्या दुसऱ्याच पदराआडून केल्या. हळदीकुंकू, भजन, चतुर्थीतली फुगडी, पौषातले धालो म्हणजे बायकांची नाचगाणी, खाजगी मराठी शाळा. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं आणि हिंदूंवरची जुनी बंधनं सैल झाली, तेव्हा मराठी शाळांना आणि वाचनालयांना थोडा वारा मिळाला. पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ ची, मडगावचं गोमंत विद्या निकेतन १९११ चं. गावोगावी त्यांचेच लहान अवतार निघाले, कुणाच्या ओसरीवर, कुणाच्या देवळाच्या अग्रशाळेत. तुमच्या आजी वाचायला कुठे शिकल्या हे विचारा. त्या एका उत्तरातून मंडळाची खरी मुळं दिसतात. १९४६ च्या आधी तुमच्या गावात वर्तमानपत्र वाचू शकणाऱ्या बायका किती आणि कुठल्या वाड्यावरच्या, हे ज्या दिवशी तुम्हाला कळेल, त्या दिवशी तुमचा निम्मा इतिहास झाला असं समजा.

आता आजींचा मार. ही आठवण मी हसण्यावारी नेणार नाही. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. जुलियांव मिनेझिस यांनी बंदीहुकूम मोडला, ते आपण दर वर्षी क्रांतिदिनाला ऐकतो. त्यानंतरच्या दिवसांत काय झालं ते भाषणांत कमी येतं. वत्सला कीर्तनी या तरुण मुलीला मडगावात अटक झाली आणि तिच्या मागोमाग बायकांचा जथा पोलीस चौकीवर गेला, आम्हालाही धरा म्हणून. त्याच महिन्यात बेर्ता द मिनेझिस ब्रागांझ यांनाही मडगावात पोलिसांनी मारहाण केली. त्या गोव्याच्या स्वातंत्र्यचळवळीतले अग्रणी त्रिस्तांव द ब्रागांझ कुन्यांच्या भाची, चांदरच्या मोठ्या घराण्यातल्या. पुढे कुन्यांच्या पश्चात त्यांनी 'फ्री गोवा' हे पत्र चालवलं. म्हणजे त्या जूनमध्ये मडगावच्या रस्त्यावर बायका होत्या, त्यांना मार बसला होता, आणि त्या सगळ्याजणी काही नावाजलेल्या नव्हत्या. तुमच्या आजी त्यांत असू शकतात.

गोंधळ होतो तो पुढे. १९४६ ला जी बाई मडगावला गेली, तीच १९६४ ला अध्यक्षीण झाली. सुना-नातींच्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या, म्हणून एकाच काळाच्या होऊन बसल्या. खोटं कुणी बोलत नाही. तेव्हा शोध मंडळाचा करू नका, बाईचा करा.

आणि इथेच पहिली अडचण येते: ती बाई कुठल्या नावानं शोधायची? आपल्याकडे लग्नात मुलीचं नुसतं आडनाव नव्हे, नावही बदलायचं. माहेरची शांता सासरी लक्ष्मी होते, चार पोरांनंतर गाव तिला 'अमक्याची आई' म्हणतं, आणि मंडळाच्या यादीत ती 'सौ.' लावून नवऱ्याच्या नावानं येते. गोव्यातली आपली एक सोय मात्र महाराष्ट्राला नाही. पोर्तुगीज काळापासूनची नागरी नोंदणी. लग्नाच्या 'सह्या' करायला वधूवर नोंदणी कार्यालयात जात, आजही जातात, आणि त्या पुस्तकात मुलीचं माहेरचं पूर्ण नाव, आईबापांची नावं, गाव आणि वय लिहिलेलं असतं. धंद्याच्या रकान्यात बहुतेकींपुढे एकच शब्द, 'दोमेस्तिका', म्हणजे घरकाम. सगळ्याच हिंदू कुटुंबांनी त्या काळी सह्या केल्या असं नाही, पण ज्यांनी केल्या त्यांच्या मुलीबाळी सापडतात. तालुक्याच्या नोंदणी कार्यालयात विचारा. फार जुनी पुस्तकं पणजीच्या पुराभिलेख खात्यात पाहावी लागतात.

पुस्तक हातात आलं की आडनावं ओळखू येत नाहीत म्हणून घाबरू नका. लिहिणारा कारकून पोर्तुगीज वळणानं लिहायचा. शेणवी तिथे 'सिनाय' असतो, प्रभू 'पोरोबो', कामत 'कामोतीम', भट 'बोटो'. 'श' हा उच्चार 'एक्स' अक्षरानं लिहीत, त्यामुळे शांता, शेवंती, शारदा या सगळ्या सूचीच्या अगदी शेवटी 'एक्स'खाली जाऊन बसलेल्या असतात. 'एस'खाली शोधून 'आमच्या गावची शांता नाहीच' म्हणत परत गेलेल्या अभ्यासकांना मी पाहिलंय. 'क' कधी 'सी'नं, तर कधी 'क्यू'नं. गावांचंही तेच, डिचोलीचं 'बिचोलीम', साखळीचं 'सांकेलीम'. एका कागदावर हे पर्याय आधी लिहून न्या.

माहेरचं नाव कळलं की मग स्वातंत्र्यसैनिकांच्या नोंदी उघडा. डॉ. पी. पी. शिरोडकरांनी संपादित केलेला गोवा, दमण आणि दीवच्या स्वातंत्र्यसैनिकांचा परिचयकोश दोन खंडांत आहे, मोठ्या ग्रंथालयांत मिळतो. त्यात सासरच्या नावानं नाही मिळाली तर माहेरच्या नावानं पाहा. मित्रा बीर यांचंच घ्या. माहेरच्या त्या काकोडकर. अवघ्या बाविसाव्या वर्षी बारा वर्षांची शिक्षा झालेली ही बाई, आणि सुटून आल्यावर मडगाव, वेरें, काकोडा अशा ठिकाणी तिनं मुलींच्या शाळा काढल्या, प्रौढ बायकांसाठी शिक्षणाचे आणि हातकामाचे वर्ग चालवले. एकीला दोन नावं माहीत नसली तर तुरुंगातली मुलगी आणि शाळेतली बाई या दोन वेगळ्या बायका वाटतील.

परिचयकोशात नाव नाही, पेन्शनच्या यादीत नाव नाही, म्हणून आजी मडगावला गेल्याच नव्हत्या असा अर्थ काढू नका. पेन्शन कुणाला मिळे ते बघा. केंद्राच्या सन्मान योजनेत किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास लागे, बायकांना तीन महिने. चौकीवर दोन रात्री बसवून, दोन छड्या मारून घरी हाकलून दिलेल्या बाईसाठी त्या नियमात जागाच नाही. जिनं भूमिगताला कुळागरातल्या खोपीत ठेवून आठवडाभर पेज पोचवली, जिनं पत्रकं भाजीच्या पाटीतून पुढच्या गावी नेली, तिचं तर कुठेच काही नाही. शिवाय पुष्कळ बायकांनी अर्जच केला नाही. नवऱ्याचा अर्ज गेला, तेवढा पुरे झाला. सरकारी यादी हा पुरावा खरा, पण तो मुख्यतः तुरुंगाचा पुरावा आहे. जी तुरुंगात गेलीच नाही तिच्याबद्दल ती यादी गप्प बसते.

मग आजींबद्दल नेमकं काय लिहायचं? जेवढं कळलं तेवढं, आणि कुणाकडून कळलं ते त्याच वाक्यात. मी असं वाक्य करीन: 'जून १९४६ मध्ये मडगाव येथे आपल्याला पोलिसांनी मारले, असे त्या सांगत, ही हकीकत त्यांच्या धाकट्या सुनेने आणि शेजारच्या दोघींनी आम्हाला सांगितली.' बस्स. 'रणरागिणी', 'झाशीची राणी' वगैरे काही नको. सुनेनं सांगितलं हे लिहिल्यानं आजींची किंमत कमी होत नाही. उलट पुढे कुणी अभ्यासक आला तर त्याला धागा मिळतो.

त्या सुनेकडे जाल तेव्हा प्रश्न कसे विचारायचे तेही सांगते, कारण बहुतेक मुलाखती पहिल्याच प्रश्नात बिघडतात. 'तुमच्या सासूबाई स्वातंत्र्यसैनिक होत्या ना?' असं विचारलंत तर 'हो' येईल आणि दार बंद होईल. त्यापेक्षा बारीकसारीक विचारा. त्या दिवशी मडगावला जायचं कारण काय होतं, बाजार की देवदर्शन? बोरीला नदी कशी ओलांडली? सोबत कोण होतं? पाऊस होता का? परत कधी आल्या, घरी रांधप कुणी केलं होतं, मामंजी काय बोलले? लुगडं फाटलं होतं का? खोटी आठवण या प्रश्नांपुढे टिकत नाही आणि खरी आठवण त्यांतूनच उमलते. मामंजी काय बोलले याचं उत्तर तर नक्की घ्या. आणि बोलणं कोंकणीतच होऊ द्या, रेकॉर्ड करा, लिहिताना मराठीत आणा. मराठीत मुलाखत दे म्हटलं की आपल्या बायका भाषण द्यायला लागतात.

घरात फोटो असेल तर त्याची पाठ आधी बघा, मग पोट. पाठीवर स्टुडिओचा शिक्का नाहीतर पेन्सिलीनं लिहिलेली नावं असतात. एका मंडळात 'हा १९४६ चा' म्हणून चौकट करून लावलेला फोटो मला दाखवला होता. पंधरा-वीस बायका, पुढे दोन पोरी झेंडा धरून. झेंड्यावर मधोमध चक्र. संविधान सभेनं चक्राचा तिरंगा स्वीकारला २२ जुलै १९४७ ला. त्याआधी झेंड्यावर चरखा असायचा. शिवाय गोव्यात तिरंगा हातात धरून निवांत रांगेत फोटो काढायला १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला. फोटो मुक्तीनंतरच्या पहिल्या एखाद्या वर्षातला होता. माझ्या मते त्यानं त्याची किंमत वाढली: पहिल्यांदाच उघड्यावर झेंडा हातात घेतलेल्या बायकांचे चेहरे होते ते. एक जण डोळे मिटून, एकीचं तोंड उघडं, बहुतेक 'जय हिंद' म्हणता म्हणता टिपलेलं.

जमाखर्चाचे कागद असतील तर साल काढायला त्याहून सोपे. रकान्यात रुपिया, टांगा आणि रेस ही पोर्तुगीज काळातली नाणी असतील, सोळा टांग्यांचा रुपिया, तर तो कागद १९५८ च्या आसपासचा नाहीतर त्याआधीचा. एस्कुद असतील तर १९५९ ते १९६१. नवे पैसे दिसले की मुक्तीनंतरचा. वर तारीख घातली नसली तरी पैसा तारीख सांगतो. एवढंच लक्षात ठेवा, की हिशेब लिहिणाऱ्या वयस्कर बायका पुढेही काही काळ जुन्या सवयीनं 'टांगा' लिहीत राहायच्या, म्हणून एका ओळीवरून निकाल देऊ नका.

गावाबाहेरही बघायला हवं. त्या वर्षांत गोव्यातलं निम्मं देशकार्य मुंबई, पुणे, बेळगाव, सावंतवाडीत चाललं होतं, कारण इथे तोंड उघडायची सोय नव्हती. पुण्यात गोवा विमोचन सहाय्यक समिती होती, १९५५ च्या सत्याग्रहींच्या तुकड्या तिथूनच निघाल्या. 'केसरी'च्या त्या वर्षाच्या फायली चाळण्यासारख्या आहेत. सुधाताई जोशी याच धाग्यातल्या. प्रियोळची माहेरवाशीण, पं. महादेवशास्त्री जोशींच्या पत्नी, संसार पुण्यात. ६ एप्रिल १९५५ ला म्हापशात गोवा नॅशनल काँग्रेसच्या अधिवेशनाच्या अध्यक्ष म्हणून त्या उभ्या राहिल्या आणि तिथेच पकडल्या गेल्या. प्रियोळ तुमच्याच तालुक्यातलं. तुमच्या गावातून पुण्या-मुंबईला दिलेल्या मुलींची यादी करा, त्यांतल्या एखादीचा हात अशा कामात निघाला तर नवल नाही.

आणि मराठी कागदांपुरतं थांबू नका. आपल्या स्मरणिकांत हटकून राहून जातात त्या ख्रिस्ती बायका. लिबिया लोबो सरदेसाईंना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा कितीतरी जणींनी मला विचारलं, या कोण? वामन सरदेसाईंबरोबर त्यांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून गोवा मुक्त होईपर्यंत आंबोलीच्या आणि पुढे कॅसलरॉकच्या रानातून गुप्त नभोवाणी चालवली, आणि शेवटी विमानातून कर्ण्यावर गोवा मुक्त झाल्याची बातमी सांगितली. तुमच्या गावात त्या काळी कुणाकडे रेडिओ होता? तो लपूनछपून ऐकायला कोण जमायचं? बायका कुठल्या दारामागे बसायच्या? हा प्रश्न तुमच्याच गावात विचारण्यासारखा आहे, आणि रेडिओ असलेलं घर म्हाताऱ्या माणसांना नक्की आठवतं.

आता १९६४ कडे येऊ. इथे माझा थोडा हट्ट आहे. मंडळं आपली स्मरणिका १९४६ च्या प्रतापांनी भरतात आणि पुढची साठ वर्षं 'विविध उपक्रम राबविले' एवढ्या तीन शब्दांत गुंडाळतात. त्या तीन शब्दांतच खरा माल असतो. मुक्तीनंतर वर्षाच्या आत, ऑक्टोबर १९६२ मध्ये, पंचायतींच्या निवडणुका झाल्या. त्याच महिन्यात चीनचं युद्ध पेटलं आणि लगेच राष्ट्रीय संरक्षण निधी निघाला. वर्षापूर्वी 'इंडियन युनियन' हा परका मुलूख होता, आणि आता त्याच देशासाठी अंगावरचं सोनं मागितलं जात होतं. तुमच्या गावातून काय गेलं? कुणाकडे पावती आहे का? पहिल्या अध्यक्षीणबाईंच्या देशप्रेमाचा कागदी पुरावा हवा असेल तर मी मडगावच्या आधी त्या पावत्या शोधीन. पुढे १९६५ आणि १९७१ ची युद्धं आहेतच.

नोंदणी १९६४ ची म्हणजे तुमचं मंडळ गटविकासाच्या काळातलं. ग्रामसेविका यायच्या, बालवाडी, शिवणवर्ग, सकस आहार, कुटुंबनियोजन असा कार्यक्रम असायचा, समाजकल्याण मंडळाचं थोडंफार अनुदान मिळायचं. ऐकायला रुक्ष. पण वही उघडा. अशी एक वही माझ्या हाताखालून गेली, लाल पुठ्ठ्याची, कसरीनं कडा खाल्लेली. सुरुवातीच्या पानांवर ठरावाखाली नावांपुढे अंगठेच अंगठे, शाई फिसकटलेली. काही पानांनंतर त्यांतल्याच एका नावापुढे अंगठ्याच्या जागी वाकडीतिकडी सही येते, अक्षरं रेघ सोडून वर चढलेली. पुढच्या सभेला आणखी एक. मधल्या एका ठरावात लिहिलंय, प्रौढवर्गाला कंदील मंडळानं द्यावा, रॉकेल ज्याचं त्यानं आणावं. त्या वहीतला १५ ऑगस्टचा ठरावही मला फार आवडतो: झेंडावंदनाला रवा कुणी, साखर कुणी, आणि 'झेंड्याची दोरी गेल्या वर्षी तुटली होती, सबब नवीन घेणे'. तुमच्या वहीतली अशी पानं फोटो काढून जशीच्या तशी छापा. आमदारांच्या शुभेच्छापत्राऐवजी, जमलं तर.

त्याच वहीत सभासदांची यादी असेल. ती वाचताना कोण आहे यापेक्षा कोण नाही ते बघा. कुठल्या वाड्यावरच्या बायका यादीत नाहीत? गावडे समाजातल्या आहेत का? फोंड्यात देवळं जास्त, आणि देवळांच्या सेवेत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या घराण्यांतल्या बायका लिहिण्यावाचण्यात आणि गाण्यात पुष्कळदा इतरांच्या पुढे होत्या. राजाराम पैंगिणकरांसारख्या सुधारकांनी त्या समाजाला जागं करून, देवदासीची प्रथा मोडून, आता कुठे एक पिढी गेली होती. अशा घरातली बाई १९६४ ला हळदीकुंकवाला मंडळात बसू शकत होती का? उत्तर बोचरं येईल. तरी विचारा, आणि जी हकीकत कळेल ती छापण्याआधी त्या बाईच्या घरच्यांना वाचायला द्या.

राहिलं भांडण. ते लिहा. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल ही काही तुमच्या गावची खाजगी भानगड नव्हती. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा, मतपत्रिकेवरच्या खुणांत सांगायचं तर फूल की दोन पानं, यावर घरंच्या घरं दुभंगली होती. वेगळं राहण्याच्या बाजूनं १,७२,१९१ मतं पडली, विलीनीकरणाच्या बाजूनं १,३८,१७०. एवढ्या फरकानं निकाल लागलेल्या गोव्यात, फोंड्यासारख्या तालुक्यात, मराठीतून ठराव लिहिणाऱ्या मंडळात दोन्हीकडच्या बायका नसत्या तरच आश्चर्य. आणि हा झगडा देशप्रेमी विरुद्ध देशद्रोही असा नव्हता. तुरुंगात जाऊन आलेली माणसं दोन्ही बाजूंना होती, हे एक वाक्य तुमच्या प्रकरणात असलं तर दोन्ही तटांचा राग बराच उतरेल.

लिहिताना तेव्हाची घरं नावानिशी काढू नका, त्यांच्या सुना आज एकाच बाकावर बसतात. काय झालं तेवढं सांगा. वहीत बहुधा तेवढाच काळ कोरा असेल: डिसेंबर १९६६ ची सभा आणि मग एकदम पुढच्या चतुर्थीच्या आसपासची, अक्षर दुसरंच, चिटणीस नवीन. तो कोरेपणाही तारखांसकट नोंदवा. आणि मंडळ फुटलं तेव्हा शिलाई मशीन कुणाकडे गेलं ते शोधा. ही थट्टा नाही. मतभेदावर कुणी बोलत नाही, पण मशीन, सतरंजी आणि मोठी समई कुणी नेली हे प्रत्येकीला पाठ असतं, आणि त्यावरून सगळी हकीकत बाहेर येते. १९८६-८७ च्या कोंकणी-मराठी राजभाषेच्या आंदोलनात पुन्हा तसंच काही झालं असेल तर तिथेही हीच पद्धत. फक्त ती माणसं हयात आहेत, म्हणून दुप्पट जपून.

स्मरणिका छापली की दोन प्रती पणजीला पाट्ट्यावरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात द्या. मूळ वही मात्र कुणाला देऊ नका, चिटणीसबाईंच्या कपाटातच असू द्या. सगळी पानं मोबाईलवर उजेडात, सरळ वरून टिपून तीन ठिकाणी ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवाल तर पावसाळ्यात बुरशी धरेल, जुन्या सुती कापडात गुंडाळा.

कामाचा क्रम तेवढा उलटा लावा. पुराभिलेखातली पुस्तकं पुढच्या वर्षीही तिथेच असतील, म्हणून पणजीचा फेरा शेवटी. या आठवड्यात आजींच्या धाकट्या सुनेकडे जा, आणि उठताना सासूबाईंच्या सह्या कुठल्या कार्यालयात, साधारण कुठल्या साली झाल्या ते विचारून घ्या, म्हणजे नोंदणीच्या पुस्तकांत वर्षावर्षांची पानं उलटत बसावं लागणार नाही.